मत्स्यालयातील फिल्टर आणि नत्रीकरण करणारे जीवाणू

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की शिनोली येते आणि त्यापुढे घोड नदीवरील डिंभे धरण. या धरणाच्या जलाशयात विस्थापित आदिवासी मच्छीमारांनी ‘शाश्वत’ ही संस्था आणि मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्या साहाय्याने जाळीच्या पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवले. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. पिंजऱ्यातील माशांची विष्ठा व उरलेले खाद्य एवढ्या मोठ्या जलाशयात विरून जाते. शिनोलीतील एखाद्या घरात मांडलेल्या साठ-सत्तर लिटरच्या काचेच्या पेटीला असा आधार नसतो. तेथे हे काम फिल्टरला, नेमके सांगायचे तर फिल्टरमध्ये वस्ती करून राहिलेल्या जीवाणूंना करावे लागते.

मासे शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. खाली कुजणारे खाद्यही अमोनियाच निर्माण करते. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांपैकी अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया विषारी असतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण ५ टक्क्यांवर जाते. सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकातून पाझरणारे विहिरींचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते, म्हणून आंबेगाव-जुन्नर भागात ही बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात आणि पाणवनस्पती ते शोषून घेतात. या क्रियेला नत्रीकरण म्हणतात. शेतकऱ्याला ती अपरिचित नाही: कांद्याला किंवा बटाट्याला दिलेल्या युरियापासून मातीत अमोनिया तयार होतो आणि त्याचे नायट्रेट हेच सूक्ष्मजीव करतात. ही क्रिया सजीवांकडून घडते, हे श्लेझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. वाळू व चुनखडीच्या थरातून सांडपाणी झिरपू दिल्यावर काही दिवसांनी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे करून वाढवले. मत्स्यालयात नायट्राइटचे रूपांतर नायट्रोबॅक्टर करतो, असे पुस्तके दीर्घकाळ सांगत आली. १९९० च्या दशकातील संशोधनाने गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात ते श्रेय प्रामुख्याने नायट्रोस्पिरा या गटाचे असल्याचे दाखवले. २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले. त्यांपैकी काही मत्स्यसंवर्धनाच्या जैविक फिल्टरमधूनच मिळाले, ही गोष्ट मत्स्यपालकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

गाळणाचे तीन प्रकार मानले जातात. यांत्रिक गाळणात स्पंज किंवा कापूस गाळ अडवतो, रासायनिक गाळणात सक्रिय कार्बन रंग, वास व औषधांचे अंश शोषतो आणि जैविक गाळणात नत्रीकरण घडते. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पहिले व तिसरे काम एकत्र करतो; लहान पेटीसाठी त्याहून भरवशाचे साधन नाही, असे माझे मत आहे. पेटीला बाहेरून टांगायचे फिल्टर, बंद डब्याचे कॅनिस्टर आणि खालच्या टाकीतील संप हे मोठ्या पेट्यांसाठी.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, सिरॅमिक कडी, खडी अशा पृष्ठभागांवर चिकट जैवपटल करून राहतात. त्यांची वाढ मंद असते. नवी पेटी स्थिरावायला म्हणूनच चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये ठेवणे म्हणजे दुधाला विरजण लावणे. त्याने हा काळ बराच घटतो.

निगा राखताना सर्वांत मोठी हानी स्वच्छतेच्या अतिरेकाने होते. स्पंज नळाखाली साबणाने खळखळून धुतला, खडी उकळली, सारे पाणी एकदम बदलले, की वस्ती नष्ट होते आणि आठवडाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. प्रवाह मंदावला की पेटीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा. तपकिरी छटा राहिली तरी चालते. दोन स्पंज असतील तर आळीपाळीने धुवावेत. सिरॅमिक कड्या फक्त विसळाव्यात. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलले की नायट्रेट आटोक्यात राहते.

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीमुळे क्लोरीन असते आणि ते मासे व जीवाणू दोहोंनाही घातक ठरते. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस मुरू द्यावे किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट घालावे. आरओचे पाणी शुद्ध म्हणून वापरण्याकडे अनेकांचा कल असतो. तो योग्य नाही. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नत्रीकरण होताना सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. आरओच्या पाण्यात ती जवळपास नसतेच, त्यामुळे सामू घसरतो आणि जीवाणू काम थांबवतात. विहिरीचे जड पाणी या बाबतीत उपकारकच ठरते. याच एका ग्रॅमसाठी सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजनही लागतो. वीज काही तास गेली, तर बंद कॅनिस्टरमधील जीवाणू गुदमरतात. वीज परतल्यावर आतले दुर्गंधीयुक्त पाणी टाकून मगच तो सुरू करावा. बॅटरीवरचा एअर पंप अशा वेळी फार उपयोगी पडतो. पौष-माघाच्या थंडीत नत्रीकरण मंदावते, तेव्हा खाद्यही कमी द्यावे.

पेटी ‘साफ’ राहावी म्हणून सकर मासा आणण्याची पद्धत रूढ आहे. तो काचेवरचे शेवाळ खातो, पण स्वतःही भरपूर विष्ठा टाकतो. फिल्टरची जागा तो घेऊ शकत नाही. मोठा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. घोड नदीचे पाणी भीमेला आणि पुढे उजनी जलाशयाला मिळते, आणि उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांत हा परदेशी मासा येऊन स्थानिक माशांना व जाळ्यांना उपद्रव देत आहे. पेटी मोडायची झाल्यास मासे दुसऱ्या पालकाला किंवा दुकानदाराला परत द्यावेत. घोड नदीत, कालव्यात किंवा डिंभ्याच्या जलाशयात एकही सोडू नये.