सहचराची खिन्नता वेळींच कशी ओळखावी?

बांधींतील धान पिवळें पडूं लागलें कीं आपण रोप उपटून मूळ पाहतों व जाणत्यास उपाय विचारतों. परंतु घरांतील माणूस महिनोन् महिने कोमेजत असतां त्यास आळस किंवा बाहेरची बाधा म्हणून सोडून देतों. ज्यास वैद्यकांत नैराश्य म्हणतात तो खिन्नतेचा विकार खरा रोग आहे, आणि तो बहुधा प्रथम पतीच्या किंवा पत्नीच्याच नजरेस येतो. म्हणून त्याचीं लक्षणें येथें देत आहों.

पावसानें दगा दिला किंवा लोंबीवर आलेलें धान तुडतुड्यांनीं नासलें, तर मन उदास होणारच. असें दुःख हळूहळू ओसरतें, व मधून मधून माणूस हसतोही. पण उदासी जवळजवळ दिवसभर, बहुतेक रोज, अशी दोन आठवडे टिकली व नित्याचीं कामें अडूं लागलीं, तर रोगाची शंका घ्यावी.

पूर्वीं ज्यांत गोडी होती तें नकोसें होतें. दिवाळीनंतरच्या मंडईची हौसही उरत नाहीं. पहाटे फार लवकर जाग येते, अन्न जात नाहीं, थोड्या कामानें थकवा येतो. साधा निर्णय होत नाहीं, आणि ‘मी सर्वांस भार झालों’ असे उद्गार निघतात. पुरुषांत हा रोग पुष्कळदां संताप व दारू यांमागें लपतो. स्त्रिया अनेकदां अंगदुखी व डोकेदुखीच सांगतात. बाळंतपणानंतर तर विशेष लक्ष ठेवावें. पंडुरोग व कंठग्रंथीचे विकार यांतही असाच थकवा येतो. म्हणून रक्ततपासणी करवावी.

अशा वेळीं ‘मन घट्ट कर’ हा उपदेश व्यर्थ होय. जवळ बसून ऐकावें. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येतात काय, हें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटें सोडूं नये, कीटकनाशकें घराबाहेर कुलुपांत ठेवावीं, व त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांत प्रथम दाखवावें. नागपुरास प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा दूरध्वनि १४४१६ हा २०२२ पासून सुरू असून तेथें रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. खत घातल्या दिवशींच पीक हिरवें होत नाहीं, तद्वत् औषधाचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. बरें वाटलें तरी डॉक्टरांस विचारल्यावांचून तें थांबवूं नये.

असा यत्न वऱ्हाडांत झालेला आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाच्या उपक्रमानें गांवच्याच कार्यकर्त्यांकडून या रोगाची माहिती घरोघर पोंचविली. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, पूर्वीं शंभर रोग्यांपैकीं सुमारे ४ जण उपचार घेत. पुढें ते सुमारे २७ झाले, आणि आत्मघाताचे विचारही कमी झाले.

सभासद बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, रोवणीच्या धांदलींतही घरांतील मुकें माणूस नजरेआड होऊं देऊं नये. गेलेलें पीक पुढल्या सालीं पुन्हा घेतां येतें. गेलेला सोबती परत मिळत नाहीं.