अंकीय व्होल्टमापकातील गोंगाट आणि अंशशोधनाची सरक

साडेआठ अंकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्होल्टमापकाच्या १० व्होल्टांच्या पल्ल्यात शेवटचा अंक १०० नॅनोव्होल्टांचा असतो. एवढा बारीक अंक दिसतो त्या अर्थी मापनही तितकेच अचूक असले पाहिजे, असा समज सहज होतो. हॅवलेट-पॅकार्ड कंपनीने १९८९ मध्ये पुढे आणलेल्या ३४५८ए या प्रसिद्ध मापकाचे उदाहरण घ्यावे. या पल्ल्यात त्याची एका वर्षाची त्रुटिमर्यादा, मूळ रचनेत, वाचनाच्या दशलक्षात ८ भाग इतकी दिलेली आहे. म्हणजे १० व्होल्टांवर ८० मायक्रोव्होल्ट, अर्थात् शेवटच्या अंकाच्या ८०० पट. या अंतराचे कारण वाचनात मिसळणाऱ्या दोन भिन्न दोषांत आहे. एक क्षणोक्षणी चंचल असणारा गोंगाट, आणि दुसरी महिनोन्‌महिने एकाच दिशेने चालणारी सरक.

गोंगाट मोजण्याची रूढ रीत सोपी आहे. मापकाची अग्रे तांब्याच्या स्वच्छ तारेने एकत्र जोडावी, काही तास तापमान स्थिरावू द्यावे आणि शेकडो वाचने घेऊन त्यांचे प्रमाण विचलन काढावे. घाई येथे नडते. तांबे व सोल्डर यांच्या जोडात एका अंश सेल्सिअसच्या फरकाने एक ते तीन मायक्रोव्होल्ट तापविद्युत् दाब उद्‌भवतो. त्यामुळे हाताची ऊबही वाचनात उतरते. प्रत्येक वाचनाचा समाकलनकाल वीजपुरवठ्याच्या पूर्ण आवर्तनांइतका, म्हणजे ५० आवर्तनांच्या पुरवठ्यास २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला, की पुरवठ्याची गुणगुण बव्हंशी नाहीशी होते. उरतो तो मुख्यतः घटकांचा स्वाभाविक गोंगाट. १० किलोओहम रोधात, १ हर्ट्‌झ पट्टरुंदीस, सामान्य तापमानाला तो सुमारे १३ नॅनोव्होल्ट असतो.

असा यादृच्छिक गोंगाट शंभर वाचनांची सरासरी घेतल्यास दहावा हिस्सा होतो. मात्र अर्धवाहकांतील मंद गतीचा गोंगाट सरासरीला दाद देत नाही. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये अणुघड्याळांसाठी मांडलेली पद्धती येथे उपयोगी पडते. लागोपाठच्या सरासऱ्यांतील फरक तपासून त्यांचे विचलन सरासरीच्या कालावधीनुसार आलेखावर मांडले, की वक्र प्रथम उतरतो, मग सपाट होतो आणि पुढे सरक प्रबळ झाली की चढू लागतो. जेथे तो सपाट होतो, त्यापुढे वाचने वाढविणे म्हणजे व्यर्थ श्रम होत.

या परीक्षेची एक मोठी उणीव पुष्कळदा ध्यानात येत नाही. मापक हा आत आलेल्या दाबाची तुलना स्वतःच्या संदर्भ दाबाशी करतो. आत आलेला दाबच शून्य असेल, तर संदर्भ कितीही सरकला तरी गुणाकार शून्यच! म्हणून शून्यावर निश्चल राहणारा मापक १० व्होल्टांवर खोटे सांगत असू शकतो. ३४५८ए मध्ये हा संदर्भ एलटीझेड१००० या, सिलिकनच्या पृष्ठाखाली दडविलेल्या व आपल्याच तापकाने स्थिर तापमानावर राखलेल्या, सुमारे ७ व्होल्टांच्या झेनर डायोडपासून मिळतो. मापकाची अंतर्गत स्वयंशोधन क्रिया वर्धक व पल्ले यांचे दोष दुरुस्त करते, पण तीही याच झेनरच्या साक्षीने. साक्षीदाराचीच परीक्षा त्याच्या साक्षीने होणे अशक्य आहे.

ती बाहेरूनच करावी लागते. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये वर्तविलेल्या परिणामामुळे विद्युत् दाब कंप्रतेशी जोडला गेला. मे २०१९ पासून त्याचा स्थिरांक, ४८३५९७·८४८४ गिगाहर्ट्‌झ दर व्होल्टास, निश्चित मूलभूत स्थिरांकांवरून ठरतो. १९९० पासून रूढ असलेले मूल्य ४८३५९७·९ होते. परिणामी त्या दिवशी एकही उपकरण न हलता १० व्होल्टांच्या मानकांचे नोंदलेले मूल्य सुमारे १ मायक्रोव्होल्टाने वाढले.

बाह्य तुलनेत सरक आढळताच मापक लगेच जुळवून टाकण्याची प्रवृत्ती असते. त्यापूर्वी जसे आढळले तसे मूल्य नोंदविणे आवश्यक आहे. नाही तर झेनरचा इतिहास पुसला जातो. अनेक वर्षांच्या नोंदी एका रेषेवर आल्या, तर पुढील सरकीचा अदमास बांधून दुरुस्ती गणितानेच करता येते. प्रवासात वीज तुटून झेनर थंड झाल्यास मात्र ती रेषा मध्येच उडी घेण्याचा संभव असतो. म्हणून मापक पाठविण्यापूर्वी व परत आल्यावर त्याची तुलना प्रयोगशाळेतील त्याच मानकाशी करून दोन्ही आकडे एकाच पानावर लिहून ठेवतात.