रानडेची मुलं, आटपाडीची वर्गणी

मराठी पत्रकारांच्या बोलण्यात नुसतं ‘रानडे’ म्हटलं की पुरतं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये 1964 साली विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग सुरू झाला आणि तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ‘रानडेचा’ किंवा ‘रानडेची’ हीच निम्मी ओळख ठरली. या नावामागे मुळात एक निधीच आहे. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ आर्थिक आणि औद्योगिक अभ्यासाची संस्था उभारायची म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लोकांकडे मदत मागितली आणि ती मिळवली.

इथले माजी विद्यार्थी एरवी विखुरलेले असतात. कुणी मुंबईत वाहिनीवर, कुणी डेस्कवर रात्रपाळीत, कुणी जनसंपर्कात, तर कुणी गावी तालुक्याची बातमीदारी करतं. पण 2021 च्या ऑगस्टमध्ये हा विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करायची हालचाल झाली आणि सगळे जागे झाले. विद्यार्थ्यांच्या बरोबरीनं माजी विद्यार्थ्यांनीही आवाज उठवला. अखेर तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी या निर्णयाला स्थगिती दिली. बातमी कुठे पोहोचवायची आणि कुणाला प्रश्न विचारायचा, हे या मंडळींना शिकवावं लागलं नाही.

विभाग वाचवण्यासाठी झाली तशी एकजूट संस्थेसाठी पैसे उभे करायला सहजी होत नाही. पत्रकारांच्या कुठल्याही मेळाव्यात पहिला तास कोण कुठल्या पेपरात, कुणाची बीट बदलली, कुणी पेपरच सोडला यातच जातो. मग चहा होतो, बॅचचा फोटो निघतो आणि निधीचा विषय आला की लोक घड्याळ पाहू लागतात. त्यांना दोष देता येत नाही. तालुका वार्ताहराला तुटपुंजं मानधन मिळतं आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायचं कामही त्याच्याच गळ्यात असतं. जो वर्षभर दुसऱ्यासाठी पैसे मागतो, तो स्वतःच्या संस्थेसाठी झोळी घेऊन कसा फिरणार?

परदेशातलं गणित वेगळं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली पत्रकारिता शाळा 1912 मध्ये उघडली ती जोसेफ पुलित्झर यांच्या 20 लाख डॉलरच्या देणगीवर. त्याच शहरातल्या सार्वजनिक विद्यापीठाच्या पत्रकारिता शाळेला 2018 मध्ये क्रेग न्यूमार्क यांनी 2 कोटी डॉलर दिले आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. असा एखादा धनाढ्य आपल्याकडे येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या माजी विद्यार्थी संघटनेचा मार्ग जवळचा वाटतो. शहरोशहरी दरवर्षी मेळावे आणि पत्रकारितेचे पुरस्कार, या धाग्यानं त्यांनी माणसं बांधून ठेवली आहेत. माणसं दरवर्षी भेटत राहिली तर मागायलाही तोंड राहतं.

निधीचा हा विषय सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीशी येऊन भिडतो तो शंकरराव खरातांमुळे. 1921 मध्ये आटपाडीत जन्मलेला, तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा औंध आणि पुण्यात शिकला, वकील झाला आणि पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक झाला. मराठवाडा विद्यापीठाचं कुलगुरुपद आणि 1984 च्या जळगाव साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद ही त्यानंतरची मजल. ज्या परंपरेतलं ते पत्र, तिची सुरुवातही मदतीनंच झाली होती.  1920 मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले.

आज आटपाडी, माण, जतच्या मुलाला पुण्यात पत्रकारिता शिकायची तर सरकारी विभागाच्या शुल्कापेक्षा खोलीभाडं आणि मेस जड जाते. टेंभू योजनेचं पाणी, डाळिंबाचे सौदे, खरसुंडीची यात्रा हे ज्याला घरचं ठाऊक आहे, तोच या खर्चापायी मागे राहतो. त्याच्या जागी आलेल्याला दुष्काळी पट्टा नकाशावर शोधावा लागतो. पेपरांचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही.

वर्गणी कशी काढायची ते याच भागाला चांगलं कळतं. आटपाडी, खानापूर, तासगावकडची गलाई मंडळी सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पांगली. तरी जत्रेला गावी येतात, देवळाला देतात, शाळेच्या खोलीलाही देतात. त्यांच्यापुढे आकडा मांडला जातो, हिशेब वाचला जातो, देणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं जातं. रानडेच्या माजी विद्यार्थ्यांनी हीच पद्धत उचलावी: एका मुलाचं वर्षभराचं मेसबिल आणि खोलीभाडं हा ठरलेला आकडा, दरमहा जमेल तेवढी रक्कम, धर्मादाय नोंदणी झालेली संस्था, आयकर सवलतीची पावती आणि मेळाव्यात जाहीर वाचलेला जमाखर्च. शिष्यवृत्तीला शंकरराव खरातांचं नाव द्यावं आणि पैसे प्रवेशाच्या आधीच हातात पडावेत. मेसचं डिपॉझिट पहिल्या आठवड्यातच भरावं लागतं आणि गावाकडचा मुलगा बहुतेक वेळा तिथूनच परत फिरतो.