तळ दगडी की गाळाचा?

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात स्मॉलमाउथ बास हा मासा मुख्यतः खडकाळ तळाशी सापडतो. कारण पोटापाण्याचं आहे. दगडांच्या फटींत क्रेफिश दडतात, शिवाय 1990 च्या सुमारास जहाजांच्या तोल राखण्याच्या पाण्यातून या भागातल्या सरोवरांत शिरलेला गोबी मासाही तिथेच राहतो. बासला दोन्ही प्रिय.

पण पाण्याखालचा दगड शोधायचा कसा? होडीतलं सोनार ध्वनीचा ठोका खाली सोडतं. मऊ गाळ त्यातला बराच ध्वनी गिळतो, त्यामुळे पडद्यावर तळाची रेघ फिकी, बारीक उमटते. खडक मात्र ध्वनी जोरात परतवतो. तो ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा तळाशी जातो आणि परततो. म्हणून तळ सहा मीटरवर असेल, तर बारा मीटरवर दुसरी, पुसट रेघ दिसते. ही दुहेरी रेघ दिसली की तळ टणक समजावा. तो खडक की घट्ट वाळू, हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

ते सांगतं दोरीला बांधलेलं शिसं. ते तळावरून हळूहळू ओढा. गाळात जडपणे रुततं, वाळूवर सरकतं, दगडांवर टकटक अडखळतं आणि बोटांना नेमकं जाणवतं. माझं मत विचाराल तर महागड्या यंत्राआधी हे शिसंच घ्यावं.