लाख किलोमीटरनंतरची टायमिंग चेन

इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच पोकळीत वर-खाली होत असतात. पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून दूर झालेला असावा लागतो आणि ही वेळ सांभाळण्याचे काम टायमिंग चेन करते. खाली क्रँकशाफ्टवर एक लहान स्प्रॉकेट असते, वर कॅमशाफ्टवर दुप्पट दात्यांचे मोठे स्प्रॉकेट असते आणि दोहोंवरून पोलादी चेन फिरते. त्यामुळे क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. चेनच्या ताठ बाजूला स्थिर गाइड असते. सैल बाजूला टेंशनर असतो. बहुतेक गाड्यांत तो म्हणजे इंजिन ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा छोटा प्लंजर. तो गाइडच्या पट्टीला रेटतो आणि चेन खेचलेली ठेवतो.

पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर या गाड्यांत चेनच होती. मारुती ८०० आणि पहिली सँट्रो यांच्यात रबरी टायमिंग बेल्ट आला. ठरावीक किलोमीटरनंतर तो बदलायचा, हे सर्व्हिस बुकात स्पष्ट लिहिलेले असे. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या पुन्हा चेनवर आल्या आहेत आणि चेनपुढे बहुधा असा आकडा नसतो. त्यातूनच ‘चेन आहे, म्हणजे काही बघायला नको’ हा समज पसरला आणि त्याने पुष्कळ इंजिने खाल्ली. चेनला आयुष्य असते. फक्त ते किलोमीटरपेक्षा ऑइलवर अधिक अवलंबून असते.

झीज होते ती चेनच्या सांध्यांत. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती बुशमध्ये फिरते. स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना कडी दुमडते, उलगडते, पिन बुशला घासते. दोघांमध्ये ऑइलचा पातळ थर असेल तर धातूला धातू लागत नाही. तो थर तुटला की पिन झिजू लागते. १२० सांध्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिलिमीटर झिजला, तरी चेन जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब होते.

एवढ्याशा लांबीने काय बिघडते, हे हिशेबाने कळते. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दाते असतील आणि दोन दात्यांत ८ मिलिमीटर अंतर असेल, तर त्याचा घेर ३२० मिलिमीटर होतो. चेनची ताठ बाजू १ मिलिमीटरने वाढली की कॅम एक अंशाहून थोडा अधिक मागे राहतो आणि क्रँकच्या मोजणीत तो फरक सव्वादोन अंशांचा होतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. गाडी खालच्या वेगात ओढत नाही, इंधनाची सरासरी हळूहळू उतरते, आणि हे सारे इतके सावकाश होते की रोज गाडी चालवणाऱ्याला ते जाणवत नाही.

टेंशनरची मर्यादा इथेच आहे आणि ती फार थोड्या मालकांना ठाऊक असते. प्लंजर बाहेर सरकत राहून सैल बाजूचा ढिलेपणा शोषून घेतो, त्यामुळे आवाज दबतो. पण ताठ बाजू लांबल्यामुळे मागे पडलेला कॅम त्याला पुढे आणता येत नाही. म्हणजे चेन शांत आहे, यावरून टायमिंग बरोबर आहे असे ठरत नाही. प्लंजर पूर्ण बाहेर आला की पुढच्या झिजेला आधारच उरत नाही. मग चेन गाइडवर आपटू लागते, गाइडचे प्लॅस्टिक तुटते, त्याचे तुकडे इंजिनाच्या तळातल्या सम्पमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. ऑइलचा दाब त्यामुळे आणखी घटतो.

झिजेची कारणे जवळजवळ सगळी ऑइलपाशी येऊन थांबतात. डिझेल इंजिनात ज्वलनाची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि सांध्यांत बारीक पॉलिश पेपरासारखी घासते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांतही हा त्रास आहे. म्हणूनच पेट्रोल इंजिनांच्या ऑइलसाठी २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ दर्जात चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी घातली गेली. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये मिसळलेले इंधन उडून जात नाही आणि ऑइल पातळ पडते. हलक्या फिल्टरमधली ऑइल अडवणारी झडप नीट बसत नसेल, तर रात्रभरात ऑइल खाली उतरते आणि सकाळी टेंशनर काही क्षण दाबाविना राहतो.

किलोमीटरचा काटाही पूर्ण खरे सांगत नाही. ताशी ८० च्या सरासरीने महामार्गावर चालणारी गाडी १०,००० किलोमीटर १२५ तासांत कापते. मुंबई-पुण्याच्या शहरी गर्दीत सरासरी २० पडली, तर त्याच अंतराला इंजिन ५०० तास फिरते. एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या टॅक्सीचे तास यात धरलेलेच नाहीत. म्हणून शहरात राबणाऱ्या गाडीचे ऑइल पुस्तकातल्या अंतराआधी बदलणे शहाणपणाचे आहे. बऱ्याच सर्व्हिस बुकांत खडतर वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता दिलेला असतो, आणि आपल्याकडचा वापर बहुतांशी त्याच तक्त्यात बसतो.

चेनचे आयुष्य ऑइलवर कसे अवलंबून असते, याचे चांगले उदाहरण म्हणजे फियाटचे १२४८ सीसीचे १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन. पुण्याजवळ रांजणगावला ते फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी बनत असे. मारुतीने तेच इंजिन परवान्याने हरियाणात बनवले आणि स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा या गाड्यांत ‘डीडीआयएस’ नावाने बसवले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने ते बंद केले. रस्त्यावर मात्र या गाड्या अजून खूप आहेत आणि पर्यटक टॅक्सी म्हणून चाललेल्या कित्येकींचे दोन-तीन लाख किलोमीटर झालेले आहेत. इंजिन मुळात दणकट आहे; पण त्यात ऑइल साधारण ३ लिटरच मावते. एक लिटर कमी झाले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. शिवाय हाय प्रेशर डिझेल पंपही कॅमशाफ्टवरून चालतो, त्यामुळे त्याचा भार चेनवरच येतो. अशा गाडीत दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक पाहणे ही चेनची सर्वांत स्वस्त निगा आहे.

झिजलेल्या चेनची पहिली खूण सकाळी मिळते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर इंजिनाच्या चेनच्या बाजूने, बहुतेक गाड्यांत पट्ट्याच्या पुलीकडून, दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि ऑइलचा दाब भरला की थांबते. ती रोज येऊ लागली, लांबत गेली किंवा गरम इंजिनातही ऐकू आली, तर तपासणीला उशीर करू नये. जुना मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टायमिंग कव्हरवर टेकवतो, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतो आणि आवाज चेनचा की टॅपेटचा हे सांगतो. ही पद्धत आजही उपयोगी आहे, पण तिच्या जोडीला स्कॅनर लावावा. ‘पी ००१६’ हा कोड म्हणजे क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचा मेळ बसत नाही. सेन्सर किंवा वायरिंगमधल्या दोषानेही तो येतो, म्हणून फक्त कोडवरून इंजिन उघडू नये. शक्य तिथे टेंशनर किती बाहेर आला आहे ते पाहावे आणि टायमिंगच्या लॉक पिना आपापल्या भोकांत सरळ बसतात का ते तपासावे. पिन बसत नसेल, तर टायमिंग सरकले आहे.

चेन एक दाता जरी उडाली, तरी वरच्या उदाहरणात कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या मोजणीत १८ अंशांनी चुकतो. आणखी उडाली किंवा तुटली, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मल्टिजेटमध्ये अशा वेळी बहुधा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात आणि कधी कधी त्यामुळे व्हॉल्व्ह वाचतात. नाही वाचले तर हेड उतरवावे लागते. झिजलेल्या चेनच्या गाडीला म्हणूनच धक्का मारून सुरू करू नये. ऑइलचा दाब नसताना बसलेल्या झटक्याने चेन दाता सोडू शकते. चढावर फक्त गिअरच्या भरवशावर उभ्या केलेल्या गाडीतही तोच धोका असतो, कारण गाडी किंचित घरंगळली तरी इंजिन उलटे फिरू शकते. आधी हँडब्रेक ओढावा, मग गिअर टाकावा.

बदलताना चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटे, टेंशनर, गाइड, गॅस्केट आणि पुढचा ऑइल सील असा पूर्ण संच घ्यावा. जुन्या स्प्रॉकेटचे दाते जुन्या चेनप्रमाणे झिजलेले असतात आणि ते नव्या चेनला लवकर खातात. यातला बहुतेक खर्च मजुरीचा असतो, त्यामुळे सुटे भाग वाचवून काही साधत नाही. कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट पुन्हा लावू नयेत. सम्प खाली घेतला असेल तर जाळी साफ करून घ्यावी आणि प्लॅस्टिकचे तुकडे निघाले का हे मालकाने स्वतः पाहावे. सगळे जुळवल्यावर स्टार्टर मारण्याआधी इंजिन पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात. कुठे अडले तर जोर न लावता जुळणी पुन्हा तपासायची. दोन फेऱ्यांनंतर खुणा आणि लॉक पिना जागेवर आल्या, तरच कव्हर बंद करायचे. नव्या चेनबरोबर ऑइल आणि फिल्टरही नवेच घालावेत, आणि ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच असावे.