वर्तनामागचे कारण शोधा, मुलाला दोष देऊ नका

तिकोणा पेठेसारख्या पवन मावळातील गावात एखादे मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, की सल्ले सुरू होतात. ‘थांबा, बापही उशिराच बोलला होता.’ ‘काहीतरी बाहेरचं आहे, दाखवून आणा.’ आणि शेवटी ठरलेले वाक्य, ‘मागच्या जन्मीचं पाप.’ मूल आणि आई दोघेही दोषी ठरतात आणि शिकण्याची मोलाची वर्षे हातची जातात.

मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख मिळते, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. तो विचार मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी या मुलांबद्दल विज्ञान काय सांगते, हे समजून घ्यायला हवे. म्हणून आम्ही आज उपयोजित वर्तन विश्लेषण या अभ्यासशाखेची ओळख करून देत आहोत.

हे शास्त्र काय सांगते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून या शास्त्राचा पाया घातला गेला. 1968 साली त्याचे स्वतंत्र संशोधन नियतकालिक निघाले. मूळ सूत्र सोपे आहे : कोणतेही वर्तन विनाकारण होत नाही. त्याच्या आधी काहीतरी घडते, नंतर काहीतरी मिळते किंवा टळते. जे मिळते त्यामुळे ते वर्तन टिकते.

समजा, गणिताची वही काढली की एक मुलगा स्वतःचा हात चावतो. बाई त्याला वर्गाबाहेर बसवतात. बाईंच्या दृष्टीने ती शिक्षा आहे, पण मुलाची अवघड गणितातून सुटका झालेली असते. उद्या तो पुन्हा हात चावणार. दुसरे मूल मात्र कोणी लक्ष द्यावे म्हणून हात चावत असेल. वर्तन एकच असले तरी कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांचा अभ्यास करून हेच दाखवले. 1985 साली कार आणि ड्युरँड यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मुलांना ‘मला समजत नाही’ असे म्हणून मदत मागायला शिकवले. गरज बोलून दाखवता येऊ लागली, तशी त्रासदायक वागणूक कमी झाली. ज्याला बोलता येत नाही त्याला खूण किंवा चित्राचे कार्ड देता येते.

शिकवण्यासाठीही हीच पद्धत वापरतात. हात धुणे म्हणजे नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, पुसणे अशा पायऱ्या. एकेक पायरी शिकवायची, जमले की लगेच शाबासकी द्यायची आणि हळूहळू आपली मदत कमी करायची.

दुसरी बाजूही पाहा

1987 साली इव्हार लोवास यांनी आठवड्याला सुमारे 40 तास प्रशिक्षण दिलेल्या 19 स्वमग्न मुलांपैकी 9 मुले सर्वसाधारण मुलांप्रमाणे शिकू लागल्याचे प्रसिद्ध केले. जगभर गाजावाजा झाला. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि त्या प्रशिक्षणात मांडीवर चापट मारण्यासारख्या शिक्षाही होत्या. 2018 साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा सखोल प्रशिक्षणाचे पाचच अभ्यास, एकूण 219 मुलांचे, निकषांत बसले. थोडा फायदा दिसला, पण पुरावा कमकुवत ठरला.

मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींचा आक्षेप आणखी गंभीर आहे. हात हलवणे, नजर टाळणे यांनी कुणाचे नुकसान होत नाही. ते दाबून मुलाला ‘इतरांसारखे’ करणे हा उपचार नाही, जबरदस्ती आहे, असे त्या सांगतात. आम्हाला हा आक्षेप रास्त वाटतो. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलेली वागणूक लादून घेतलेल्या समाजाला तो लगेच कळायला हवा. म्हणून ‘पूर्ण बरे करतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून आणि मारून शिकवणाऱ्यापासून सावध राहा.

गावात काय शक्य आहे?

आठवड्याला 40 तास उपचार कामशेतहून लोकल पकडून पुण्याला जाणाऱ्या मजूर आईला परवडणार नाहीत. पण वाट बंद नाही. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने रावळपिंडीतील सहकाऱ्यांसोबत 65 स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यातील पद्धत संवादावर आधारलेली होती, वर्तन विश्लेषणाची नव्हती. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद करू लागली. एका बाबतीत, म्हणजे एकत्र लक्ष देण्यात, मात्र सुधारणा झाली नाही.

आपल्या तरुणांनी एवढे जरूर करावे :

पहिले, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा तपासणीला येते. त्या दिवशी असे मूल घरी राहणार नाही हे पाहावे आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागावी.

दुसरे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. 40 टक्के किंवा अधिक अक्षमतेचा दाखला असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला आणि ओळखपत्र काढून देणे हे कार्यकर्त्याचे काम.

तिसरे, पालकांना एक वही द्यावी. आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले, हे तीन रकाने दोन आठवडे भरावेत. डॉक्टर किंवा विशेष शिक्षकाला ही वही फार उपयोगी पडते.

चौथे, विहारातील रविवारच्या बैठकीत या मुलांना आणि त्यांच्या आयांना जागा द्यावी. मूल मध्येच ओरडले तर बाहेर काढू नये. ते का ओरडले, हे विचारावे.