निकाल दहावीचा, शाळा नववीची

२०१८ साली महाराष्ट्रात दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ ला तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० ला ९५.३० टक्क्यांवर जाऊन बसला. राज्यातली मुले एका वर्षात ढ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असे काही घडले नव्हते. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेच्या हातात असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मंडळाने २०१९ ला काढून घेतले होते. ओरड झाली, गुण परत आले, निकालही परत आला. २०२० ला त्यात करोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरचे सरासरी गुण मिळाले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के.

तरीही जूनमध्ये गावोगावच्या चौकांत जे फ्लेक्स लागतात, त्यांच्यावर याच आकड्याचे राज्य असते. ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’ या ओळीखाली शंभर टक्के, आणि त्याखाली हार घातलेली तीन मुले. २०२५ च्या मार्च परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. कोकण विभागाचा ९८.८२ आणि सर्वांत कमी म्हणजे नागपूर विभागाचा ९०.७८. मंडळाकडे मुले पाठवणाऱ्या तेवीस हजारांवर शाळांपैकी जवळजवळ आठ हजारांचा निकाल शंभर टक्के होता. दर तीन शाळांतली एक शंभर टक्केवाली असेल, तर त्या फलकावरून शाळा निवडायची कशी?

हा प्रश्न ज्यांच्यापुढे खरोखर उभा राहतो, ती माणसे बहुधा सातवी पास झालेल्या मुलामुलीचे आईवडील असतात. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि हायस्कूल शोधावे लागते. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या ‘प्रशाला’ दहावीपर्यंत आहेत. पण उरलेल्या महाराष्ट्रात माध्यमिक शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी एखाद्या शिक्षणसंस्थेची अनुदानित शाळा. शिक्षकांचा पगार सरकारचा, इमारत आणि कारभार संस्थेचा. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, नाशिकची मराठा विद्या प्रसारक १९१४ ची. राज्यातल्या कित्येक कुटुंबांतला पहिला मॅट्रिक अशाच संस्थांनी घडवला. त्याशिवाय वीस, चाळीस, साठ टक्के अशा पायऱ्यांवर अडकलेल्या अंशतः अनुदानित शाळा आहेत. तिथल्या शिक्षकाला पगार किती टक्के मिळतो, हे पालकाने विचारले तर ते आगाऊपणाचे वाटेल, पण विचारावे. अर्ध्या पगारावर घर चालवणारा माणूस संध्याकाळी दुसरीकडे काहीतरी करतच असतो, आणि त्याचा थकवा सकाळच्या तासाला येतो.

आता त्या शंभर टक्क्यांकडे परत. निकाल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी पास झालेले. बसलेले किती हे फलकावर नसते, आणि बसले नाहीत ते कोण हे तर कुठेच नसते. नववीच्या शेवटी जी मुले गणितात, इंग्रजीत मागे असतात, त्यांच्या पालकांना बोलावून गोड शब्दांत सांगितले जाते: ‘झेपणार नाही त्याला, सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ सतरा नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. मुलगा पास झाला तर ठीक, नापास झाला तर तो शाळेच्या निकालात मोजला जात नाही. काही शाळा दाखलाच हातात देतात आणि दुसरी शाळा पाहायला सांगतात. हे सगळ्या शाळा करतात असे मुळीच नाही. पण जी करते, तिचाही निकाल शंभर टक्केच दिसतो आणि जी एकही मूल न गाळता ब्याऐंशी टक्के आणते, ती फलकावर हरते.

म्हणून शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न दहावीचा नको. दोन वर्षांपूर्वी आठवीचा पट किती होता, गेल्या वर्षी नववीचा किती होता आणि यंदा दहावीला त्यांतले किती बसले, एवढे तीन आकडे मागावेत. मुले इतर कारणांनीही जातात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, बदलीवाल्यांची, लग्न लावून दिलेल्या मुलींची गळती शाळेच्या हातात नसते, आणि मुख्याध्यापक ते नावानिशी सांगू शकत असतील तर तीच शाळेबद्दलची चांगली बातमी समजावी. आठवीतली साठ, दहावीतली एकेचाळीस, आणि मधल्या एकोणीस जणांचे काय झाले हे कुणालाच आठवत नाही, अशी शाळा असेल तर तिथून पुढच्या शाळेकडे वळायला हरकत नाही.

नववीच का, याचे कारण कायद्यात आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे पहिली ते आठवीचा. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण त्याच कायद्यातले. सरकारी आणि अनुदानित शाळांतला शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. वरच्या वर्गात ढकलत नेण्याची तरतूदही आठवीपर्यंतच होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीला मूल थांबवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने ती वापरायचे ठरवले. थोडक्यात, नववीत पाऊल टाकले की ताटातली खिचडी जाते, पुस्तके विकत घ्यावी लागतात आणि नापास होण्याची भीती दरवर्षीची होते, हे सगळे एकाच जूनमध्ये. त्यात आठ वर्षांची साचलेली उणीव उघडी पडते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांनाच जमत होते. यांतली बरीच मुले नववी-दहावीच्या वयाचीच आहेत. बीजगणिताचे पुस्तक उघडण्याआधी भागाकार शिकवावा लागणार, हे कोणत्याही प्रामाणिक गणितशिक्षकाला ठाऊक असते. प्रश्न असा की शाळेने त्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवली आहे का. जादा तास असतो, पण तो बहुतेक ठिकाणी दहावीच्या हुशार तुकडीसाठी. नववीच्या कच्च्या मुलांसाठी जून-जुलैत रोज एक तासिका देणारी शाळा मला कुठल्याही फ्लेक्सपेक्षा जास्त पटते.

शक्य असेल तर नववीतल्या एखाद्या मुलाची वही पाहावी, शेजारपाजारच्या कुणाची तरी मिळतेच. वहीत गाइडमधली उत्तरे फळ्यावरून उतरवलेली दिसतात की मुलाची स्वतःची, चुकलेली, खोडलेली वाक्ये दिसतात? लाल शाईची नुसती बरोबरची खूण आहे की चुकीखाली काही लिहिले आहे? शेवटची तपासणी कोणत्या तारखेची? प्रयोगवहीत पानभर आकृती सुबक असते, तेव्हा मुलाला एवढेच विचारावे की यातला कोणता प्रयोग तू स्वतःच्या हाताने केलास. विज्ञानाच्या अंतर्गत गुणांत सगळ्या वर्गाला अठरा-एकोणीस मिळत असतील आणि लेखी परीक्षेत त्याच मुलांना पंचवीस-तीस, तर प्रयोगशाळेचे कुलूप कधी उघडले होते ते कळून येते.

शिक्षक किती, हे शाळा सांगतेच. कोण काय शिकवतो, ते विचारावे लागते. शिक्षकांची मंजूर पदे संचमान्यतेत पटावर ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेत पाठवले जाते, म्हणून सप्टेंबरच्या पटाकडे मुख्याध्यापकांचे जीव लागलेले असतात. आठवी ते दहावीची लहान शाळा असेल तर चार-पाच शिक्षकांत सगळे विषय बसवायचे असतात. मग इतिहासाचे सर इंग्रजी घेतात आणि विज्ञानाच्या मॅडम गणितही ओढतात. भरती २०१७ पासून पवित्र पोर्टलच्या वाटेने, सावकाश होते. तोवर रिकाम्या जागेवर घड्याळी तासिकेवरचा शिक्षक येतो आणि बरेचदा दिवाळीनंतर जातो. गेल्या तीन वर्षांत दहावीला गणित कोणी शिकवले, या एका प्रश्नाचे उत्तर एका नावात आले तर शाळेला बैठक आहे. चार नावे आली, तर दोष शाळेचाच असेल असे नाही, पण मूल तुमचे आहे. निवडणुकीच्या मतदार यादीच्या कामाला कोण जुंपलेले आहे, हेही त्याच भेटीत कळून घ्यावे.

स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय शाळेतून निघू नये, विशेषतः मुलीसाठी शाळा पाहत असाल तर. पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, मधल्या सुट्टीत ते उघडे असते का. इथे पालकांचा राग मुख्याध्यापकांवर निघतो. थोडा राग सरकारसाठीही राखून ठेवावा. अनुदानित शाळेला पगाराशिवायच्या खर्चासाठी मिळणारे वेतनेतर अनुदान मध्यंतरी कित्येक वर्षे बंदच होते, आणि आता मिळते तेही तुटपुंजे. त्यातून वीजबिल, खडू, काचसामान, झाडू सगळे. डिसेंबर २०२० च्या निर्णयाने शिपायांची नियमित पदे जाऊन त्यांच्या जागी ठोक भत्ता आला. घंटा देणारा, टाकी भरणारा, दार उघडणारा माणूस या रकमेत शोधायचा असतो. तरीही काही शाळांची स्वच्छतागृहे स्वच्छ असतात. ती कोण ठेवते हे विचारले की बहुधा माजी विद्यार्थ्यांची वर्गणी किंवा एखाद्या हट्टी बाईंचे नाव पुढे येते.

जायच्या आधी घरबसल्या एक काम होते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्राचे क्रमांक २७ ने सुरू होतात. तो टाकला की वर्गनिहाय पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय अशी माहिती सरकारी संकेतस्थळावर दिसते. ती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा ‘प्रयोगशाळा: आहे’ याचा अर्थ जपून लावावा. पटाचे आकडे मात्र उपयोगी. मागची तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की आठवी, नववी, दहावीची ती गळती कुणाला न विचारता दिसते.

शाळेच्या मनात काय आहे ते दोन परीक्षांवरून कळते, आणि त्यांचा फलकाशी संबंध नसतो. पहिली ‘एनएमएमएस’, आठवीतली. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी ही परीक्षा असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. पुस्तके आणि एसटीचा खर्च त्यात निघतो. आठवीतली किती मुले बसवली, हे विचारल्यावर मुख्याध्यापकांना आकडा तोंडपाठ असेल तर तिथे गरिबाच्या मुलाकडे कुणाचे तरी लक्ष आहे. दुसरी चित्रकलेची: एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात, ब ला पाच, क ला तीन वाढीव गुण. २०२५ ला २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. अशा शंभरात कलेच्या आणि खेळाच्या या वाढीव गुणांचाही हात असतो. मला गुणांपेक्षा त्यामागचा कलाशिक्षक महत्त्वाचा वाटतो. कित्येक शाळांत ते पद रिकामे झाले आणि भरले गेले नाही. जिथे अजून रंगांच्या डब्या दिसतात, मैदानावर चुना मारलेला दिसतो, तिथे मूल फक्त पस्तीस गुणांसाठी वाढत नसते.

सेमी-इंग्रजीबद्दल लोक फार विचारतात. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, ही सोय वाईट नाही, पण तुकडी सेमीची असणे वेगळे आणि शिकवणे इंग्रजीतून होणे वेगळे. दाराशी पाच मिनिटे उभे राहिले तर कळते. सर इंग्रजी वाक्य वाचून मराठीत समजावत असतील तर चांगलेच. समजावणेच नसेल, नुसते वाचणे असेल, तर मराठी माध्यमाची बाजूची तुकडी बरी.

मुलींच्या बाबतीत अंतर हा विषय शिक्षकाहूनही मोठा ठरतो. एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत निळी बस आहे. पण शाळा साडेपाचला सुटून बस साडेसहाला असेल तर तो एक तास कुठे काढायचा? बस चुकण्याच्या काळजीने आठव्या-नवव्या इयत्तेत घरी बसलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात सापडतात. शाळेची वेळ बसला जुळवून घेतलेली आहे का, हे पाहावे. २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर आहेत का, आणि त्यांतल्या एखाद्या बाईंना आपण समितीत आहोत हे माहीत आहे का, हेही.

ज्या गावाला दहा किलोमीटरवर एकच हायस्कूल आहे, तिथे निवडीचा प्रश्नच नसतो. पण वर सांगितलेले सगळे प्रश्न तिथेही विचारता येतात, फक्त प्रवेशाच्या दिवशी नव्हे तर पालकसभेत. आठवीपर्यंतच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सह्या घरी पाठवून घेतल्या जातात, कारण सभेला कुणी येत नाही. नववीचा पट, रिकामी पदे आणि टाकीचे पाणी, हे तीनच विषय लेखी देऊन इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत, आणि दाखला व आधारची झेरॉक्स देताना पुढच्या सभेची तारीख विचारून घ्यावी.